दोन पुरुष, एक न्हाणीघर: १९४० ते १९७०च्या चित्रांतली समलिंगी घरं कशी पाहावीत

आमच्या रविवारच्या चित्रवाचन गटात ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीचं ‘डोमेस्टिक सीन, लॉस एंजेलिस’ पहिल्यांदा पडद्यावर लावलं तेव्हा दोघं खोकले आणि एकाला अचानक फोन बघायची आठवण झाली. चित्रात एक उघडा पुरुष शॉवरखाली उभा आहे आणि कमरेला एप्रन बांधलेला दुसरा त्याची पाठ घासतोय. मागच्या खुर्चीतून एक काकू म्हणाल्या, “पाठीला दुसऱ्याचा हात लागतोच हो. दिवाळीत उटणं काय आपलं आपण लावतो?” चर्चा तिथून सुरू झाली. मी रात्री जागून केलेली टिपणं पिशवीतच राहिली.

काकूंनी उघड्या अंगांवर वेळ न घालवता आधी पाहिलं की इथे काम काय चाललंय. गेली काही वर्षं मी हीच चित्रं याच रीतीने दाखवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासपासून १९७०पर्यंत ब्रिटन-अमेरिकेत समलिंगी चित्रकारांनी घर रंगवलं ते बहुतेक असं किरकोळ सामानातून: साबण, टूथपेस्ट, खुर्ची, मोजे. नग्नता तर चित्रकलेत हजारो वर्षांची आहे, तिचं कौतुक नाही. दोन पुरुषांचं सामाईक न्हाणीघर ही मात्र त्या काळात धाडसाची गोष्ट होती.

तयारी: आधी भिंतीवर माप घ्या

मासिकातल्या किंवा फोनवरच्या प्रतिमेत सगळी चित्रं तळहाताएवढी होतात. मी स्वतः अमेरिकन चित्रकार पॉल कॅडमसचं ‘द बाथ’ (१९५१) कित्येक वर्षं भिंतभर मोठं समजत होतो. एका भाषणात तसं बोलूनही गेलो. प्रत्यक्षात ते जेमतेम १४ बाय १६ इंचांचं आहे. घरातल्या कॅलेंडरहून फार मोठं नाही. याउलट हॉकनीचं ‘क्रिस्टोफर इशरवुड अँड डॉन बकार्डी’ (१९६८) सुमारे ७ फूट उंच आणि १० फूट रुंद आहे.

तेव्हा पहिलं काम: मास्किंग टेप आणा आणि चित्राची खरी चौकट भिंतीवर आखा. इशरवुड-बकार्डीची चौकट आखायला चाळीतल्या दहा-बाय-दहाच्या खोलीची एक आख्खी भिंत जाते. आखून झाल्यावर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसा. चित्रातली माणसं जवळजवळ आपल्याच मापाची आहेत आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत आपण पाहुणे म्हणून आलोय हे अंगाला कळतं. मग शेजारी ‘द बाथ’ची चौकट आखा. तिथे पाहुणा होता येत नाही. नाक भिंतीला लावावं लागतं, म्हणजे न्हाणीघराच्या किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं.

सोबत एक वही ठेवा. पानाचे तीन रकाने करा: ‘दिसतं’, ‘माहीत आहे’, ‘वाटतं’. पुढचं सगळं या तीन रकान्यांत जाईल. एक नियम पाळायचा: तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीला पहिल्या दोनपैकी कशाचा तरी टेकू हवा. टेकू नसेल तर ती ओळ खोडायची, कितीही लाडकी असली तरी.

तारखेशेजारी कायदा लिहा

चित्राचं साल मिळालं की लगेच शेजारी त्या जागी त्या साली कायदा काय होता ते लिहा. हे टाळलं तर एप्रन नुसतं विनोदी दिसतं.

इंग्लंडमध्ये १८८५च्या कायद्याने पुरुषा-पुरुषांतली जवळीक गुन्हा ठरवली, आणि ती बंद दाराआड घडली तरी गुन्हाच. १९५०च्या दशकात खटले गाजले, १९५४मध्ये वुल्फेंडन समिती नेमली गेली. तिने १९५७च्या अहवालात खाजगी, राजीखुशीचे संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढावेत असं सांगितलं. त्याचा कायदा व्हायला १९६७चा जुलै उजाडला. तोही फक्त इंग्लंड-वेल्सपुरता, फक्त २१ वर्षांवरच्यांसाठी आणि फक्त ‘खाजगीत’. हा ‘खाजगीत’ शब्द कायद्याने फार आखूड कापला होता: तिसरं माणूस हजर असलं की ते खाजगी उरत नसे. स्कॉटलंडला आणखी तेरा वर्षं थांबावं लागलं. कॅलिफोर्नियात मोकळीक १९७६मध्ये आली, न्यूयॉर्कमध्ये १९८०मध्ये.

आता परत एप्रनकडे या. ‘डोमेस्टिक सीन, लॉस एंजेलिस’ १९६३चं आहे. ते रंगवलं गेलं तेव्हा ते ज्या शहरात रंगवलं गेलं तिथे, म्हणजे लंडनमध्ये, आणि ज्या शहराचं नाव त्याला दिलंय तिथे, दोन्हीकडे हा संसार बेकायदा होता.

आणखी एक बघा. कायदा ज्या शब्दावर भांडत होता तो शब्द घराचाच आहे. खाजगी म्हणजे काय, दार कोणाचं, आत कोण. या चित्रकारांनी नेमकी भिंत, दार, पडदा याच गोष्टींशी खेळ केला तो उगाच नव्हे.

सामानाची यादी करा, माणसं शेवटी

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि तिला तो द्यावा. पंधरा मिनिटं घड्याळ लावा. तोवर माणसांबद्दल अक्षर लिहायचं नाही, फक्त वस्तू.

‘डोमेस्टिक सीन, लॉस एंजेलिस’मध्ये यादी छोटी निघते: शॉवर, पाण्याची धार, फुलाफुलांच्या कापडाची आरामखुर्ची, फुलं, एप्रन. यादी संपली की विचारा, काय नाही? भिंती नाहीत. न्हाणीघर कुठे संपतं आणि बैठकीची खोली कुठे सुरू होते ते कळत नाही. फरशीचाही पत्ता नाही. शॉवर आणि आरामखुर्ची एकाच मोकळ्या कॅनव्हासवर मांडलेल्या आहेत, जणू घर बदलताना टेम्पोतून उतरवलेलं सामान.

हे हलगर्जीपणाने झालेलं नाही. त्याच वर्षीच्या ‘डोमेस्टिक सीन, नॉटिंग हिल’बद्दल हॉकनीने म्हटलंय की खोलीत शिरल्यावर माणसाला सगळं एकदम दिसत नाही, ज्याच्या-त्याच्या आवडीप्रमाणे काही गोष्टी आधी दिसतात, काही नंतर; म्हणून भिंती आणि जमीन त्याने मुद्दाम सोडून दिल्या. त्या दुसऱ्या चित्रात खुर्चीत बसलेला कपड्यांतला मित्र आहे, उभा असलेला नग्न मित्र आहे, पडदा आहे, दिवा आहे. बाकी रिकामं.

माझ्या ‘वाटतं’च्या रकान्यात इथे लिहिलंय: भिंती नसलेलं घर हे अशा माणसाचं घर, ज्याला भिंतींचा भरवसा नाही, पण खुर्चीचा आहे. टेकू? पहिल्या रकान्यात भिंतींचा अभाव, दुसऱ्यात १९६३चा कायदा. काहींना हे ओढूनताणून वाटेल. वाटू दे, वही माझी आहे.

यादीची पद्धत ‘क्लीनिंग टीथ, अर्ली इव्हनिंग (१० पीएम) डब्ल्यू ११’ (१९६२) या चित्रावर तर फारच फळते. रात्री दहाला ‘अर्ली इव्हनिंग’ म्हणणाऱ्या पोराचा खट्याळपणा आधी लक्षात घ्या. डब्ल्यू ११ म्हणजे लंडनमधल्या नॉटिंग हिलचा टपाल विभाग, जिथे हॉकनी त्या वर्षी राहायला गेला. चित्रात दोन आकृती एकमेकांत गुंतल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये कोलगेटच्या ट्यूबा आणि व्हॅसलिन. त्या ट्यूबा कशाच्या जागी आहेत हे समजायला कुणाची मदत लागत नाही. मजा अशी की प्रत्येक वस्तू कुठल्याही बाथरूमच्या फळीवर सापडणारी आहे. पोलीस आले तरी जप्त काय करणार? टूथपेस्ट?

कोण कोणतं काम करतंय?

आता माणसांवर या, पण क्रियापदांतून. प्रत्येकाच्या नावापुढे एकच क्रियापद: घासतो, विंचरतो, बघतो, झोपलाय.

कॅडमसच्या ‘द बाथ’मध्ये एकजण टबात गुडघ्यांवर बसून अंगाला साबण लावतोय. दुसरा आपल्याकडे पाठ करून आरशासमोर केस विंचरतोय. दोघं एकमेकांना बघतसुद्धा नाहीत. पहिल्यांदा बघणारे विचारतात, यात जवळीक कुठे आहे? मी विचारतो, तुम्ही कोणासमोर असे केस विंचरता, तो तिथे आहे याची दखलही न घेता? पाहुण्यासमोर नाही. भाड्याच्या खोलीतल्या नव्या सोबत्यासमोरही नाही. सकाळी घाईत एकच न्हाणीघर दोघांनी वापरायचं, एकाने बेसिन घ्यायचं, एकाने टब, हे गणित जुन्या संसारातच बसलेलं असतं.

रंगाचं माध्यमही इथे बोलतं. कॅडमस अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत काम करी. हे रंग चटकन वाळतात, म्हणून बारीक कुंचल्याने रेघेवर रेघ देत जावं लागतं आणि छोट्या चित्रालाही फार वेळ लागतो. युरोपात तेलरंग रुळण्याआधी चर्चमधली संतांची चित्रं याच पद्धतीने होत. संतांच्या त्वचेसाठी घडवलेली ही चिकाटी कॅडमसने न्यूयॉर्कच्या एका कोंदट न्हाणीघरातल्या फेसाला दिली. मोठी प्रतिमा मिळाली तर फेसाजवळ थांबा.

कामांची वाटणी कधीकधी चित्राबाहेर सापडते. रॉबर्ट कॉलहून आणि रॉबर्ट मॅकब्राइड हे स्कॉटिश चित्रकार ग्लासगोच्या कलाशाळेत १९३३मध्ये भेटले आणि मरेपर्यंत सोबत राहिले. लंडनमध्ये त्यांना ‘दोन रॉबर्ट’ म्हणत. घर मॅकब्राइड चालवी, स्वयंपाक तोच करी; गॅसवर चमचा तापवून तो कॉलहूनच्या शर्टाला इस्त्री करायचा असा किस्सा त्या वर्तुळात सांगत. आता त्यांची चित्रं शेजारी ठेवा. मॅकब्राइड वस्तुचित्रं काढतो: टेबल, फळं, भाज्या. कॉलहून माणसं काढतो, बऱ्याचदा जोडीने बसलेल्या बायका, जशा ‘टू स्कॉट्सविमेन’ (१९४६)मध्ये. दोन पुरुष एका घरात दाखवण्याची सोय नव्हती. एकाच्या कॅनव्हासवर टेबल आलं आणि दुसऱ्याच्या कॅनव्हासवर जोडपं. हे वाक्य अर्थात ‘वाटतं’च्या रकान्यातलं आहे, पण मला त्यातून बाहेर पडता आलेलं नाही.

मूळ शोधा

यातली बरीच चित्रं समोर माणूस बसवून केलेली नाहीत. मूळ कुठलं ते कळलं की अर्थ फिरतो.

चित्रकार फ्रान्सिस बेकनचं ‘टू फिगर्स’ (१९५३) घ्या. पांढऱ्या चादरीवर दोन पुरुष एकमेकांवर झटतायत, भोवती अंधार, त्या अंधारात पिंजऱ्यासारख्या बारीक रेघा. मूळ आहे छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने १८८०च्या दशकात टिपलेली कुस्तीगिरांची छायाचित्रमालिका. मायब्रिजच्या फोटोंत पलंग नाही. पलंग बेकनने आणला. चित्राचा सगळा गुन्हा, कायद्याच्या भाषेत, त्या एका फर्निचरमध्ये आहे. कुणी हरकत घेतलीच तर ‘कुस्ती आहे’ म्हणायची पळवाटही शाबूत. हे चित्र पुढे चित्रकार लुशियन फ्रॉइडने अनेक वर्षं आपल्या घरी ठेवलं आणि प्रदर्शनांना क्वचितच दिलं. पलंगाचं चित्र घरातच राहिलं.

‘डोमेस्टिक सीन, लॉस एंजेलिस’चं मूळ ‘फिजिक पिक्टोरियल’ नावाच्या अमेरिकन मासिकात आहे. बॉब मायझर लॉस एंजेलिसहून ते काढी. वरून शरीरसौष्ठवाचं, आतून समलिंगी वाचकांचं. टपालाने नग्नता पाठवणं धोक्याचं होतं म्हणून मॉडेल कमरेला इवलीशी पट्टी बांधत. हॉकनीने लॉस एंजेलिस तोवर पाहिलंच नव्हतं. तो तिथे पोचला १९६४च्या जानेवारीत. मासिकातला एप्रनवाला पोरगा, त्यातली कळकट खोली, एवढ्यावर त्याने लंडनमध्ये बसून एका शहराचा संसार मांडला. आधी चित्र, मग शहर.

तिसरं मूळ मला सगळ्यात आवडतं. ‘द रूम, टारझाना’ (१९६७)मध्ये हॉकनीचा जोडीदार पलंगावर पालथा पडलाय, अंगात टी-शर्ट, पायांत पांढरे मोजे, मधलं सगळं उघडं. पलंग, खोली, कोन हे सगळं मेसीज या दुकानाच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून उचललेलं आहे. म्हणजे नवरा-बायकोंना विकायचा पलंग. खिडकीतला उजेड तिरपा आत येतो. पलंग जाहिरातीतला, तरी दुपार खरी वाटते ती या उजेडामुळे; आपल्या चित्रांत उजेडाकडे आपण नीट लक्ष दिलं ते इथून, असं हॉकनी सांगतो.

नजरेच्या दोऱ्या

प्रतिमेवर पारदर्शक कागद ठेवा आणि प्रत्येक डोळ्यापासून तो जिथे बघतोय तिथवर रेघ ओढा.

इशरवुड-बकार्डीच्या चित्रात दोन खुर्च्या, मागे बंद झडपा, पुढे बुटकं टेबल, टेबलावर पुस्तकं, फळांचा वाडगा आणि एक मक्याचं कणीस. लेखक इशरवुड तेव्हा साठी ओलांडलेला, चित्रकार बकार्डी त्याच्याहून तीस वर्षांनी लहान. १९५३पासून ते एकत्र होते. रेघा ओढल्या की दिसतं: बकार्डी आपल्याकडे बघतोय, इशरवुड बकार्डीकडे. हॉकनीने म्हटलंय की फोटो काढताना मोकळं बसायला सांगितलं की इशरवुडची नजर आपोआप तिकडे जाई. काम चालू असताना बकार्डी काही काळ लंडनला गेला होता. त्यामुळे जो चित्रात डोळे वळवून बघतोय तो बराच वेळ रिकाम्या खुर्चीशेजारी बसत होता.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक बाजूची गोष्ट: हाच इशरवुड स्वामी प्रभवानंदांचा शिष्य, आणि त्यांच्यासोबत त्याने केलेलं गीतेचं इंग्रजी भाषांतर १९४४मध्ये आलं. टेबलावरच्या पुस्तकांत गीता आहे का असं गटात हमखास कुणीतरी विचारतं. ‘दिसतं’ रकान्यात ती नाही, म्हणून लिहायची नाही.

चित्राचं नाव आणि चित्राची जात

नाव बघताना चित्रप्रकारही बघा. कॅडमसच्या ‘स्टोन ब्लॉसम: अ कॉन्व्हर्सेशन पीस’ (१९३९-४०)मध्ये न्यू जर्सीतल्या घराबाहेर झाडाखाली तिघं पुरुष आहेत: लेखक ग्लेनवे वेस्कॉट, त्याचा आयुष्यभराचा जोडीदार मनरो व्हीलर आणि त्यांच्यासोबत राहणारा छायाचित्रकार जॉर्ज प्लॅट लाइन्स. ‘कॉन्व्हर्सेशन पीस’ म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदारांचा आवडता प्रकार, नवरा, बायको, मुलं, कुत्रा आणि मागे आपली मालमत्ता. कॅडमसने साचा तोच ठेवला आणि कुटुंब बदललं.

जिथे हात आखडायचा

दोन माणसं, एक खोली, म्हणजे प्रेम, असं होत नाही. भावंडं असतात, भाडेकरू असतात, गरिबी असते. चित्रकाराने स्वतः बोलून किंवा जगून ठेवलेलं काही हाती असेल तरच ठामपणे लिहा. आणि केळी-काकडी शोधत बसू नका. कोलगेटच्या ट्यूबेला चित्रातच जागा मिळाली होती, तुमच्या फळांना तशी मिळालेली नसते.

बायकांची चित्रं याच मापाने मोजू नका. इंग्लंडचा १८८५चा कायदा पुरुषांपुरता होता. १९२१मध्ये बायकांना त्यात ओढायचा प्रयत्न झाला आणि उमरावांच्या सभागृहात बारगळला. त्यामुळे तिथे पोलिसांची भीती कमी आणि नुसती शांतता जास्त. ग्लक या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकर्तीचं ‘मेडॅलियन’ (१९३६) थोडं आधीचं आहे, पण उपयोगी: स्वतःचा आणि प्रेयसीचा चेहरा एकाला एक लागून, आणि घर नावाला नाही. घर चौकटीत आहे. ग्लकने पायऱ्यापायऱ्यांची एक चौकट बनवून तिचं पेटंट घेतलं होतं. ती भिंतीच्याच रंगात रंगवायची, म्हणजे चित्र खोलीत मिसळून जायचं.

घरचा अभ्यास: भूपेन खक्कर

शेवटी पद्धत आपल्याकडच्या चित्रावर लावून बघा, जरी साल पुढचं असलं. भूपेन खक्कर १९३४मध्ये मुंबईत जन्मले, चार्टर्ड अकाउंटंट झाले आणि १९६२मध्ये बडोद्याला गेले. सत्तरच्या दशकात ते इंग्लंडला जाऊन आले, हॉकनीचं मोकळेपण त्यांनी तिथे पाहिलं. आई १९८०मध्ये गेली, आणि १९८१मध्ये ‘यू कान्ट प्लीज ऑल’ आलं. नग्न पुरुष आपल्याकडे पाठ करून सज्जात उभा आहे आणि खाली बाप-लेक-गाढवाची आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली गोष्ट घडतेय. हे चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तारखेशेजारी लिहा: समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७, अजून ३७ वर्षं. मग सामानाची यादी करा आणि सज्जा घरात मोजायचा की रस्त्यात, ते गटाने ठरवा. आमच्याकडे यावरून चहा गार झाला.

त्या काकू अजून येतात. वही त्यांनी नातवाची अर्धी राहिलेली वापरलीय. ‘डोमेस्टिक सीन’च्या पानावर पहिल्या रकान्यात एप्रन, पाणी, फुलाफुलांची खुर्ची. दुसऱ्यात १९६३, मासिकावरून, कायद्याने गुन्हा. तिसऱ्यात पेन्सिलीने एकच ओळ: “याचं झालं की त्याची पाळी.”